छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स

सहलीस गेलेल्या मनुष्याच्या नेहमीं अनुभवास येणारी एक गोष्ट अशी कीं, घाटमाथ्यावर उभें राहिलें असतां समोरील देखाव्यानें मन भारून जातें, मोठ्या उत्साहानें कॅमेरा डोळ्यास लावला जातो, आणि घरीं आल्यावर फोटो पाहावा तों त्यांत तें कांहींच नसतें. जो कडा पाहून छाती दडपली होती तो बोटभर ढेंकळासारखा दिसतो; जें आकाश अथांग वाटलें होतें तें कोऱ्या कागदासारखें फिकट दिसतें. कॅमेऱ्यानें खोटें सांगितलें असें म्हणावें तर तसेंही नाहीं. जें समोर होतें तेंच त्यानें टिपलें. मग हरवलें तें काय? या एका प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत ज्यानें आपलें सारें आयुष्य वेंचलें, त्या अमेरिकन छायाचित्रकाराचें अल्प चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. पालकांचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला आहे. कारण या चरित्रांत मुलाइतकेंच बापाकडूनही शिकण्यासारखें आहे.

ॲन्सेल ॲडम्स याचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरीं झाला. चार्ल्स व ऑलिव्ह ॲडम्स या दांपत्याचें हें एकुलतें एक अपत्य. आजोबांचा इमारती लांकडाचा व्यापार मोठा होता व घरची स्थिति सुखवस्तु होती. शहराच्या दाट वस्तीपासून दूर, समुद्राकांठच्या वाळूच्या टेंकड्यांवर त्यांचें घर होतें. ॲन्सेल चार वर्षांचा असतांना, १८ एप्रिल १९०६ रोजीं, त्या शहरास भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. पहिल्या धक्क्यांतून मूल सुखरूप बचावलें. परंतु कांहीं तासांनीं आलेल्या दुसऱ्या धक्क्यानें तें बागेच्या भिंतीवर आपटलें व त्याच्या नाकाचें हाड मोडलें. तें नाक जन्मभर वांकडेंच राहिलें. पुढें १९०७ सालीं अमेरिकेंत आर्थिक अरिष्ट आलें, आणि त्यानंतरच्या वर्षांत घराण्याचा व्यापारही बुडाला. वडिलांचें पुढील बहुतेक आयुष्य गेलेली पत सांवरण्यांतच खर्चीं पडलें.

ॲन्सेल हा बुद्धीनें तल्लख, परंतु विलक्षण चंचल मुलगा होता. बांकावर स्वस्थ बसणें त्यास जमत नसे. खिडकीबाहेरील वारा व धुकें त्यास फळ्यावरील अक्षरांपेक्षां अधिक ओढून नेई. एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत असें होतां होतां, कोणत्याच शाळेंत त्याचा निभाव लागेना. असा मुलगा घरांत असणें म्हणजे आईबापांस केवढी चिंता, हें निराळें सांगावयास नको. त्यांतून घरची स्थिति पालटलेली. पुष्कळ बापांनीं अशा वेळीं छडी हातीं घेतली असती, किंवा मुलगा वाया गेला असें समजून हात टेंकले असते. चार्ल्स ॲडम्स यांनीं दोन्ही केलें नाहीं. मुलगा बारा वर्षांचा असतांना त्यांनीं त्यास शाळेंतून काढलें व घरींच त्याचा अभ्यास घेण्यास आरंभ केला. चार्ल्स यांस ज्योतिषशास्त्राचा फार नाद असे. त्यांनीं मुलास दुर्बिणींतून आकाश दाखविलें, आणि त्याच्या आवडीच्या वस्तूंकडे बारकाईनें पाहावयास लाविलें. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें, तेव्हां त्यांनीं मुलास वर्षभराचा पास काढून दिला व त्या वर्षापुरती तीच त्याची शाळा ठरविली. मुलगा रोज जाई. चित्रें पाही, ऑर्गनवादन ऐके, यंत्रांपुढें तासन् तास उभा राही. नंतर एका लहानशा खाजगी शाळेंतून १९१७ सालीं त्यानें आठव्या इयत्तेचें प्रमाणपत्र मिळविलें, आणि तेथेंच त्याचें शालेय शिक्षण संपलें. यावरून शाळा सोडणें हाच मोठेपणाचा मार्ग, असा विपरीत बोध आमच्या वाचकांनीं घेऊं नये. ज्या मुलास बाप असा शिक्षक लाभला त्याची शाळा सुटली नव्हतीच. ती केवळ घरीं आली होती.

याच सुमारास त्यास पियानोचा छंद लागला. आरंभीं तो आपला आपणच वाजवावयास शिकला. पुढें वडिलांनीं त्यास शिक्षिका ठेवून दिली. ही बाई मोठी करडी होती. एखादा स्वरसमूह निर्दोष वाजल्यावांचून पुढच्याकडे जावयाचें नाहीं, असा तिचा दंडक असे. ज्या मुलास पांच मिनिटें स्थिर बसवत नसे, तो आतां एकाच ओळीवर दिवस काढूं लागला. संगीत हाच आपला व्यवसाय असें त्यानें मनाशीं ठरविलें, आणि पुढील सुमारें पंधरा वर्षें तो त्याच वाटेनें चालला. ती वाट शेवटीं सुटली खरी. परंतु तिच्यावर मिळालेली शिस्त त्यानें दुसऱ्या कलेंत जशीच्या तशी नेली, हें पुढें दिसून येईल.

१९१६ सालीं, चौदाव्या वर्षीं, तो आजारी होऊन अंथरुणास खिळला असतां सिएरा नेवाडा पर्वताविषयींचें एक जुनें पुस्तक त्याच्या हातीं पडलें. तें वाचून योसेमिटी नांवाची दरी पाहण्याचा त्यानें असा हट्ट धरिला कीं आईवडिलांस त्या उन्हाळ्यांत तेथें जाणें भाग पडलें. ही दरी कॅलिफोर्निया प्रांतांत आहे. प्राचीन काळच्या हिमनद्यांनीं ग्रॅनाइटचा पर्वत कोरून ती घडविली आहे. लांबीला सुमारें सात मैल, आणि दोन्ही बाजूंस सुमारें तीन हजार फूट उंचीचे उभे कडे, व त्यांवरून कोसळणारे धबधबे. तेथें पोंचल्यावर आईवडिलांनीं मुलास कोडॅक ब्राउनी जातीचा एक साधा पेटीवजा कॅमेरा दिला. एके दिवशीं तो एका जुनाट बुंध्यावर चढून हाफ डोम नामक शिखराचा फोटो घेणार इतक्यांत बुंधा ढांसळला, आणि डोकें खालीं पाय वर अशा स्थितींत खालीं येतां येतां त्याच्या बोटानें कळ दाबली गेली. फोटो धुऊन आला तेव्हां शिखर उलटें होतें! पुढें ज्या शिखरानें त्यास कीर्ति दिली, त्याची व त्याच्या कॅमेऱ्याची पहिली भेट ही अशी झाली.

त्या वर्षापासून आयुष्याच्या अखेरपर्यंत योसेमिटीस गेल्यावांचून त्याचें एकही वर्ष गेलें नाहीं. सॅन फ्रान्सिस्कोंतील एका फोटो धुण्याच्या दुकानांत त्यानें कांहीं काळ काम केलें, व अंधारखोलींतील रसायनांची ओळख करून घेतली. पर्वतांच्या रक्षणार्थ स्थापन झालेल्या सिएरा क्लब या संस्थेचा तो सभासद झाला. १९२० पासून कांहीं उन्हाळे दरींतील त्या संस्थेच्या वास्तूची देखरेख त्यानें पत्करिली. पाठीवर सामानाचें ओझें घेऊन तो दिवसचे दिवस उंच खिंडींतून हिंडे. कोणत्या घटकेस कोणत्या कड्यावर ऊन येतें, वादळ निवळल्यावर धुकें कोणत्या बाजूनें चढतें, हें त्यास हळूहळू मुखोद्गत झालें.

इतकें असूनही त्याचे या काळांतील फोटो सामान्यच होते, हें सांगितलें पाहिजे. ते गेलेल्या ठिकाणांची केवळ आठवण होते. डोंगर कोठें होता हें त्यांवरून कळे, परंतु तो पाहून मनास काय वाटलें हें कळत नसे. त्या काळीं छायाचित्रांस कलेचा मान मिळावा म्हणून तीं चित्रकाराच्या चित्रांसारखीं दिसावीं, अशी एक समजूत रूढ होती. भिंग मुद्दाम अस्पष्ट ठेवावयाचें, खरबरीत कागद वापरावयाचा, वर शाईचे व ब्रशाचे संस्कार करावयाचे, असे प्रकार चालत. ॲन्सेलनेंही कांहीं वर्षें हें करून पाहिलें. परंतु ज्या पर्वतांत हवा इतकी निर्मळ कीं मैलभर दूरच्या झाडाचा शेंडाही स्पष्ट दिसावा, त्यांस धुक्यांत बुडविणें त्यास कृत्रिम वाटूं लागलें, व तो नाद त्यानें सोडिला. दुसऱ्याची दृष्टि उसनी घेऊन आपलें काम भागत नाहीं, एवढें त्यास उमगलें होतें. स्वतःची दृष्टि कोणती, हें मात्र अद्यापि सांपडावयाचें होतें.

१९२६ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंतील आल्बर्ट बेंडर नांवाच्या एका कलाप्रेमी गृहस्थानें त्याचीं छायाचित्रें पाहिलीं. हा विम्याचा धंदा करणारा मनुष्य मोठा गुणग्राहक होता. दुसऱ्याच दिवशीं त्यानें या चित्रांचा संग्रह प्रसिद्ध करण्याची सिद्धता आरंभिली, दहा प्रती स्वतः विकत घेतल्या, आणि मित्रांकडूनही मागणी मिळविली. संग्रहांत १८ चित्रें असावयाचीं होतीं. त्यांत घालण्याजोगें एक भव्य चित्र मिळवावें या हेतूनें ॲन्सेल १० एप्रिल १९२७ रोजीं हाफ डोमकडे निघाला. तो दिवस त्याच्या आयुष्यांत निर्णायक ठरला, म्हणून त्याची हकीकत आम्ही थोड्या विस्तारानें देतों.

हाफ डोम हें समुद्रसपाटीपासून सुमारें ८,८०० फूट उंचीचें ग्रॅनाइटचें शिखर आहे. एका बाजूनें तें घुमटासारखें वाटोळें, आणि दुसऱ्या बाजूनें सुरीनें कापल्यासारखें ताठ उभें आहे. त्या उभ्या बाजूसमोर डोंगराचा एक पुढें आलेला कंगोरा आहे. तेथून तो कडा समग्र दिसतो. वाटेवर बर्फ होतें. ॲन्सेलच्या पाठीवर कॅमेरा, भिंगें, लांकडी तिपाई व काचा मिळून सुमारें ४० पौंडांचें ओझें होतें. बरोबर चार स्नेही मंडळी होती, व त्यांत त्याची वाग्दत्त वधू व्हर्जिनिया बेस्ट हीही होती. त्यानें फोटोच्या १२ काचा आणल्या होत्या. परंतु वाटेंतील देखावे घेतां घेतां कांहीं खर्चीं पडल्या, कांहीं बिघडल्या, आणि कंगोऱ्यावर पोंचल्यावर पाहतो तों दोनच शिल्लक! कड्यावर अजून सांवली होती. ऊन येईपर्यंत सारे बर्फांत वाट पाहत बसले.

दुपारीं ऊन कड्यावर उतरलें. ॲन्सेलनें भिंगापुढें नेहमींची पिवळी काच बसविली व पहिला फोटो घेतला. काच पेटींत परत सरकवितांना मात्र त्याच्या मनांत एकाएकीं एक विचार आला. हें चित्र कागदावर कसें दिसेल? आकाश राखी रंगाचें येईल, कडाही राखीच येईल. सर्व कांहीं बरोबर असेल, पण या प्रचंड शिळेपुढें उभें राहून आपल्या छातींत जी धडकी भरली आहे ती त्यांत उतरणार नाहीं. आपणांस जें वाटतें आहे त्यांत आकाश जवळजवळ काळें आहे, आणि त्या काळोखावर शिळा तळपत आहे. तें चित्र मनांत अगदीं पुरें झाल्यावर त्यानें पिवळी काच काढून गडद तांबडी काच बसविली, आणि उरलेल्या एकमेव काचेवर पांच सेकंद प्रकाश घेतला. चुकला असता तर दुसरी संधि नव्हती.

या तांबड्या काचेचें कार्य विज्ञान शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस सहज समजेल. तांबडी काच तांबडा प्रकाश जाऊं देते व निळा अडविते. आकाशाचा प्रकाश मुख्यतः निळा असल्यामुळें तो काचेपलीकडे फारच थोडा पोंचतो, आणि त्यामुळें छापलेल्या चित्रांत आकाश काळें येतें. सांवलींत पडणारा प्रकाशही आकाशाकडून आलेला, म्हणजे निळसरच, असतो. म्हणून सांवल्याही गडद होतात. उन्हांतील बर्फ व दगड मात्र उजळ राहतात. ही युक्ति त्या काळीं कोणास अज्ञात नव्हती. तशी काच दुकानांत विकत मिळे. नवीन होतें तें एवढेंच कीं, ती बसविण्याच्या आधीं चित्र मनांत तयार होतें. आजवर तो फोटो घेई व मग काय आलें तें पाही. त्या दुपारीं त्यानें आधीं पाहिलें व मग घेतलें. कळ दाबण्यापूर्वींच पुरें झालेलें चित्र मनश्चक्षूंपुढें आणण्याची ही रीत हाच पुढें त्याच्या सर्व कलेचा व शिकवणीचा पाया झाला.

२ जानेवारी १९२८ रोजीं ॲन्सेल व व्हर्जिनिया यांचा विवाह झाला, आणि येथून पुढें त्यांस आम्ही ॲडम्स याच नांवानें संबोधितों. संसार मांडला तरी मनांतील द्वंद्व संपलें नव्हतें. पियानो कीं कॅमेरा? पियानोपायीं कित्येक वर्षांचे श्रम खर्ची पडले होते, आणि छायाचित्रणास प्रतिष्ठित लोक कला मानीत नसत. इतकें कीं बेंडर यांच्या त्या संग्रहाच्या मथळ्यांतही प्रकाशकांनीं फोटो हा शब्द टाळून एक नवाच शब्द बनविला होता. आईस तर मुलानें संगीत सोडावें हें मुळींच रुचत नव्हतें. १९३० सालीं न्यू मेक्सिको प्रांतांतील टाओस गांवीं ॲडम्स यांची पॉल स्ट्रँड या थोर छायाचित्रकाराशीं गांठ पडली. स्ट्रँड यांच्यापाशीं त्या वेळीं छापलेलीं चित्रें नव्हतीं. निगेटिव्ह तेवढ्या होत्या. त्याच त्यांनीं उजेडासमोर धरून दाखविल्या. त्यांतील रेषांची शुद्धता व आकारांची मांडणी पाहून ॲडम्स यांचा संशय फिटला. कॅमेऱ्यास चित्रकलेचा वेष देण्याचें कारण नाहीं. त्याच्या स्वतःच्या भाषेंतच तो पूर्ण बोलूं शकतो, हें त्यांच्या प्रत्ययास आलें, आणि त्यांनीं छायाचित्रण हेंच जीवितकार्य म्हणून स्वीकारिलें.

१९३२ सालीं एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम इत्यादि समानधर्मी मंडळींबरोबर त्यांनीं एक मंडळ काढिलें. त्याचें नांव एफ चौसष्ट. भिंगाचें छिद्र अत्यंत लहान केलें असतां जवळच्या गवतापासून दूरच्या शिखरापर्यंत सर्व कांहीं स्पष्ट उमटतें; त्या लहान छिद्राचा हा क्रमांक. मंडळाचें मत काय तें या नांवांतच आलें. १९३६ सालीं न्यूयॉर्क येथील आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनीं आपल्या चित्रशाळेंत ॲडम्स यांचें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें. त्या क्षेत्रांत यापेक्षां मोठा मान त्या वेळीं नव्हता.

परंतु मनांत चित्र उभें राहणें निराळें, आणि तें कागदावर हटकून उतरविणें निराळें. मनांतील रागिणी गळ्यांतून निघावी म्हणून जसा रियाज लागतो, तसाच येथेंही लागतो. १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथें शिकवीत असतांना ॲडम्स यांनीं फ्रेड आर्चर या सहकाऱ्याच्या साह्यानें झोन सिस्टिम या नांवाची पद्धति बसविली. तिचें मर्म असें : अगदीं काळ्यापासून अगदीं पांढऱ्यापर्यंत छटांच्या ० ते १० अशा पायऱ्या कल्पावयाच्या, मधला राखी रंग म्हणजे ५. एक पायरी वर जाणें म्हणजे प्रकाश दुप्पट करणें, खालीं येणें म्हणजे निम्मा करणें. प्रकाशमापक यंत्रास बर्फ दाखवा कीं कोळसा दाखवा, तें बापडें दोन्ही वस्तु राखीच समजून आंकडा सांगतें. म्हणून बर्फ शुभ्र हवें असेल तर यंत्राच्या आंकड्यापेक्षां दोनतीन पायऱ्या वर, आणि काळा खडक काळाच हवा असेल तर तितक्याच खालीं, हें छायाचित्रकारानें ठरवावयाचें. यंत्र मापतें, कोणती वस्तु कोणत्या पायरीवर ठेवावयाची हा निर्णय मनुष्याचा. ज्या मुलास शाळेंत गणिताच्या तासाला बसवत नव्हतें, त्यानेंच पुढें आपल्या कलेस असें गणिती शिस्तीचें अधिष्ठान दिलें.

ही साधना वेळेवर कशी कामास येते याचें उत्तम उदाहरण १९४१ सालच्या हेमंतांतील आहे. न्यू मेक्सिकोंत दिवसभर हिंडून मनाजोगें एकही चित्र न मिळाल्यामुळें ॲडम्स कांहींसे खिन्न होऊन मोटारींतून परत येत होते. बरोबर आठ वर्षांचा मुलगा मायकेल व एक मित्र होता. हर्नांडेझ नांवाच्या खेड्यापाशीं त्यांची दृष्टि सहज बाजूस गेली. पूर्वेस बर्फाच्छादित पर्वतावर चंद्र आलेला, खालीं लहानसें देवालय, आणि पुढें स्मशानांतील पांढरे क्रूस मावळत्या सूर्याच्या शेवटच्या किरणांनीं उजळलेले. गाडी कडेस घालून त्यांनीं मोठा कॅमेरा उभारला. पण प्रकाशमापक कांहीं केल्या सांपडेना! सूर्य ढगांआड जावयास क्षणांचाच अवधि होता. तेव्हां चंद्राचें तेज दर चौरस फुटास २५० कँडल असतें हें त्यांस स्मरलें. तो आंकडा धरून त्यांनीं उभ्या उभ्या मनांतच हिशोब केला व एक फोटो घेतला. दुसरा घेण्याकरितां काच उलटी करीत आहेत तों क्रूसांवरील ऊन निघून गेलें. त्या एका निगेटिव्हवरून पुढें हजारांवर प्रती निघाल्या. ॲडम्स यांस त्या दिवसाची तारीख कधींच नीट आठवत नसे. चंद्राच्या स्थानावरून गणित करून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख ज्योतिषाच्या अभ्यासकानें त्यांच्या मृत्यूनंतर, १९९१ सालीं, निश्चित केली. दुर्बिणींतून मुलास आकाश दाखविणारे चार्ल्स ॲडम्स तोंपर्यंत हयात असते तर त्यांस याचें मोठें कौतुक वाटलें असतें.

हें चित्र आज आपण पाहतों तें एका क्षणांत झालेलें नाहीं, हेंही ध्यानांत घ्यावें. मूळ निगेटिव्ह कठीण होती. देवालयापुढील भाग फिकट आला होता. ॲडम्स यांनीं १९४८ सालीं तीवर रासायनिक संस्कार केला, आणि वर्षानुवर्षें अंधारखोलींत उभें राहून कोठें प्रकाश अधिक द्यावा, कोठें हातानें अडवावा, हें पुनः पुन्हां करून पाहिलें. निगेटिव्ह म्हणजे संगीतरचनेची लिहिलेली प्रत, आणि छापणें म्हणजे तिचें वादन, असें ते मानीत. पियानोचीं पंधरा वर्षें अशीं फुकट गेलीं नाहींत.

एवढ्यानें त्यांचें चरित्र संपत नाहीं. १९३० नंतरच्या बेकारीच्या दिवसांत, माणसें उपाशीं असतां हा गृहस्थ धोंडे नि झाडें टिपीत बसतो, असा आक्षेप त्यांच्यावर कित्येकांनीं घेतला. हा आक्षेप अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु ॲडम्स यांनीं त्यास कृतीनें उत्तर दिलें. किंग्ज कॅनियन हा अरण्यप्रदेश सुरक्षित राहावा म्हणून सिएरा क्लबतर्फे आपलीं छायाचित्रें घेऊन ते १९३६ सालीं वॉशिंग्टन येथें गेले. १९३८ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा सिएरा नेवाडाचा चित्रसंग्रह अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोंचला, आणि १९४० सालीं तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांस, त्यांत बहुसंख्य जन्मानें अमेरिकन नागरिक असतांही, घरेंदारें सोडावयास लावून छावण्यांत डांबलें. त्यांपैकीं मान्झानार ही छावणी सिएरा नेवाडाच्याच पायथ्याशीं होती. ॲडम्स १९४३ सालीं तेथें गेले. शेतीं राबणारे, शाळेंत शिकणारे, वाचनालयांत बसलेले असे त्या निरपराध लोकांचे हंसरे व गंभीर चेहरे त्यांनीं टिपले, आणि १९४४ सालीं, युद्ध चालू असतांनाच, त्यांचें पुस्तक काढिलें. लोकांस तें आवडलें नाहीं. ज्या काळीं जपानी हा शब्दही तिरस्कारानें उच्चारिला जाई, त्या काळीं तें धैर्याचें काम होतें. पुढें १९६५ सालीं हीं छायाचित्रें त्यांनीं राष्ट्राच्या ग्रंथालयास दिलीं. डोंगराकडे आदरानें पाहावयास शिकलेली दृष्टि माणसाकडेही त्याच आदरानें पाहूं शकली, असें आम्हांस वाटतें.

संकटेंही आलींच. १९३७ सालीं योसेमिटींतील त्यांच्या अंधारखोलीस आग लागून पुष्कळ निगेटिव्ह जळाल्या. १९२७ सालची ती हाफ डोमची काच वांचली, पण तिची कड होरपळली होती. जें गेलें त्याचा शोक करीत न बसता ते पुनः पाठीवर ओझें घेऊन डोंगरांत गेले. १९४६ सालीं गगेनहाइम संस्थेची शिष्यवृत्ति मिळाल्यावर त्यांनीं देशांतील राष्ट्रीय उद्यानें पालथीं घातलीं. त्याच वर्षीं सॅन फ्रान्सिस्कोच्या कलाविद्यालयांत छायाचित्रणाचा विभाग त्यांनीं सुरू केला. योसेमिटींत उन्हाळी वर्गही अनेक वर्षें चालविले. आपली विद्या त्यांनीं गुप्त ठेविली नाहीं. कॅमेरा, निगेटिव्ह व छपाई या तीन विषयांवर तीन ग्रंथ लिहून सर्वांस खुली केली. १९८० सालीं त्यांस राष्ट्राध्यक्षांकडून स्वातंत्र्यपदक मिळालें. २२ एप्रिल १९८४ रोजीं वयाच्या ८२ व्या वर्षीं त्यांचा अंत झाला. पुढच्या वर्षीं सिएरा नेवाडांतील एका शिखरास त्यांचें नांव देण्यांत आलें.

आज कॅमेरा ही दुर्मिळ वस्तु राहिली नाहीं. तो प्रत्येकाच्या खिशांतील फोनमध्यें आहे, आणि बारा काचांचा हिशोब कोणास ठेवावा लागत नाहीं. एका सहलींत शेंकडों फोटो निघतात. परंतु त्यामुळें आरंभीं सांगितलेली आमची तक्रार कमी झालेली नाहीं; डोंगर अजूनही ढेंकळासारखाच येतो. त्या तक्रारीचें उत्तर या चरित्रांत आहे. हरवतें तें कॅमेऱ्यांत नव्हे. कळ दाबण्यापूर्वीं, आपणांस नेमकें काय वाटलें हें आपण स्वतःस विचारीत नाहीं, तेथें तें हरवतें. ॲडम्स यांस तो प्रश्न विचारावयास अकरा वर्षें लागलीं. १९१६ सालीं कॅमेरा हातीं आला आणि १९२७ सालीं मनाचें चित्र दिसलें. मधल्या काळांत त्यांनीं एकच दरी शेंकडों वेळां पायांखालीं घातली, दुसऱ्यांच्या रीति करून पाहून टाकून दिल्या, आणि एकेक स्वर निर्दोष होईपर्यंत बसण्याची संवय अंगीं बाणविली.

आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढील सहलीच्या वेळीं एवढेंच करून पाहावें कीं, कॅमेरा काढण्यापूर्वीं पांच मिनिटें तो खिशांतच राहूं द्यावा व समोरील टेंकडी नुसती पाहावी. आणि पालकांपैकीं कोणाच्या घरीं वर्गांत स्वस्थ न बसणारा, खिडकीबाहेर पाहणारा मुलगा असेल, तर तो खिडकीबाहेर काय पाहतो आहे हें एकदां त्याच्या शेजारीं बसून पाहण्याचे श्रम त्यांनीं घ्यावे, अशी आमची त्यांस विनंति आहे.